हाकेच्या अलीकडे

चहाचा कप विसळून ठेवायला त्याने भांड्यांच्या मांडणीकडे हात नेला आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. मांडणीच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून, एक ताटली, एक वाटी, एक पेला आणि एक चमचा वेगळे लावून ठेवले होते. धुतलेले, पुसलेले, कोरडे. बाकीची भांडी नेहमीसारखी एकमेकांवर रेलून पडलेली, आणि या दोहोंच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. आधी त्याला वाटलं, सहज राहिली असतील. मग त्याने चमचा उचलून पाहिला. दांडा किंचित वाकलेला होता, म्हणजे मुलाचाच. मुलगा केव्हाच शाळेत गेला होता. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, पांघरुणाची घडी उशीवर ठेवलेली होती, आणि ती घडीही अशी नीट की तिथे रात्री कुणी झोपलं होतं याचा मागमूस नव्हता. पाहुणे निघायच्या दिवशी अशी घडी घालतात. त्याने चमचा परत ठेवला, पण मघाशी तो नेमका कसा होता हे आठवेना, म्हणून आधी उताणा ठेवला, मग पालथा केला. आपल्याच घरात चोरी केल्यासारखा तो तिथून बाजूला झाला, आणि कामावर निघताना उगाचच दोनदा दार ओढून पाहिलं.

हा मुलगा त्याच्या बायकोने आणला होता. आणला हाच शब्द खरा. एका संस्थेत ती मुलांना वाचून दाखवायला जायची, आणि एक दिवस घरी येऊन चपला काढता काढताच म्हणाली, "अहो, एक मुलगा आहे. पंधरा वर्षांचा. फार खात नाही, फार बोलत नाही. तुम्हाला चालेल." तो म्हणाला, "असला एक आहे की घरात." ती हसली, आणि त्या हसण्यातच होकार ठरून गेला. पुढे संस्थेच्या बाई येऊन घर बघून गेल्या, प्रश्न विचारून गेल्या, आणि थंडीच्या सुरुवातीला मुलगा एक पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आधी दोन घरांत राहून परत आलेला. बायको त्याला पहिल्याच आठवड्यात 'राजे' म्हणायला लागली. "राजे, उठा. सूर्य खोळंबलाय तुमच्यासाठी." पांघरुणाच्या आतून हुंकार यायचा. मुलगा तिला काकू म्हणायचा. त्याला मात्र काहीच नाही. तिने एकदा सांगितलं होतं, "त्याने मघाशी तुम्हाला काका म्हणून हाक मारली. तुम्ही वळलाच नाहीत." त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. त्याचा धंदाच कानांचा, दिवसभर लोकांचे कान तपासून घरी आल्यावर तो आपले कान मिटून घ्यायचा, जसे इतर लोक डोळे मिटतात. मुलाने पुन्हा कधी ती हाक मारली नाही. आणि मग बायको गेली. एका दुपारी, घरात, बसल्या जागी. घरात फक्त मुलगा होता.

तेव्हापासून घरातलं बोलणं विचित्र झालं होतं. दूध संपलंय. पाणी तापलंय. उद्या लवकर निघायचंय. घरात दोन माणसं होती, पण त्यांच्या वाक्यांत कुणीच नव्हतं. त्याला 'राजे' म्हणता येणं शक्य नव्हतं, तो तिचा शब्द होता. तिच्या पश्चात तिची शाल कुणी पांघरली असती तर जसं वाटलं असतं, तसं ते झालं असतं. 'बाळ' म्हणावं तर पोराला ओठांवर लव आलेली. नाव घ्यावं तर ते संस्थेने ठेवलेलं, आणि ते उच्चारलं की मुलगा हजेरी दिल्यासारखा उभा राहायचा. मग तो नुसतं घसा खाकरायचा, आणि मुलगा मान वर करायचा. एवढ्यावर चार महिने निभावले होते. निभावले म्हणजे काय, तर दोघांनीही एकमेकांना धक्का न लावता एका अरुंद जिन्यावरून चढ-उतार केली होती.

रुग्णालयात त्याची जागा तळमजल्यावर, मार्गिकेच्या टोकाला होती. दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतली खोली आवाजबंद. तिच्या भिंतींना मऊ राखाडी अस्तर, एक खुर्ची, हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. तपासायला आलेलं माणूस आत बसायचं, आणि बाहेर हा यंत्रावरून सूर सोडायचा, मोठे, मग बारीक, मग इतके बारीक की ते आहेत की नाहीत हे त्या माणसालाच कळू नये. ऐकू आलं की बटण दाबायचं, इतकंच. काचेतून त्याला फक्त चेहरे दिसत. ऐकू येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा फार उघडा असतो. देवाशी बोलतानाही लोक असे दिसत नसतील. त्या सकाळी एक म्हातारे गृहस्थ आत बसले होते, डोळे मिटून, आणि सूर सोडता सोडता त्याच्या डोक्यात ती वीतभर मोकळी जागा पुन्हा उघडली. का लावली असतील भांडी वेगळी? कुणी काही बोललं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. परवा संध्याकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला होता, पण तेव्हा मुलगा आंघोळीला गेलेला. बाई म्हणाल्या होत्या, "मुलगा तुम्हा दोघांच्या नावावर दिला होता. आता परिस्थिती बदलली आहे, तुमच्यावर जबरदस्ती नाही. दुसऱ्या शहरात एक जोडपं तयार आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा आहे, याच्याच वयाचा. शनिवारी येते मी." आणि तो म्हणाला होता, "त्याचं भलं होत असेल तर माझी काय हरकत. मी एकटा माणूस, माझ्याकडे राहून त्याचं काय होणार? खरं सांगायचं तर ही सगळी हिचीच हौस होती."

हौस. यंत्राच्या बटणावर त्याचं बोट थांबलं. आत म्हातारे गृहस्थ वाट पाहत होते. हा शब्द तो बोलला तेव्हा न्हाणीघरातला नळ बंद होता. वाक्याच्या सुरुवातीला पाण्याचा आवाज होता आणि 'हौस'च्या वेळी नव्हता. त्याच्या कानांनी हे तेव्हाच टिपलं होतं आणि इतका वेळ दाबून ठेवलं होतं. पाणी थांबलं होतं. दाराआड एक मुलगा अंगावर साबण घेऊन निश्चल उभा होता. आणि मग बऱ्याच वेळाने, फोन ठेवल्यावर, पाणी पुन्हा सुरू झालं. आतून म्हाताऱ्यांनी डोळे उघडले आणि काळजीच्या सुरात विचारलं, "काही वाजलं का? मला काहीच ऐकू नाही आलं हो." त्याने माइक जवळ घेतला. "नाही आजोबा," तो म्हणाला, "मीच काही वाजवलं नव्हतं."

मुलाला जाऊ द्यावं असं त्याला का वाटत होतं? एकटा माणूस वगैरे सगळं तोंडदेखलं. जेवण उरकून खिडकीशी उभं असताना त्याने स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर आलं ते मनाला बरं वाटणारं नव्हतं. त्याला मुलाचा हेवा वाटत होता. तिच्याबरोबर वीसेक वर्षं संसार केला याने, आणि तिची शेवटची दुपार मिळाली कुणाला, तर काल-परवा पिशवी घेऊन आलेल्या पोराला. मुलाने रुग्णवाहिका बोलावली होती, त्यानेच इथे फोन केला होता, पण आवाजबंद खोलीपाशी फोन न्यायची सोय नाही. हा पोचला तेव्हा सगळं संपलेलं. त्या दुपारी ती काही बोलली असेल. बोललीच असेल, ती कधी गप्प बसली होती? ते शब्द मुलाकडे होते आणि मुलगा ते सांगत नव्हता. त्यानेही विचारलं नव्हतं. जेवताना समोरासमोर बसलं की त्याला वाटायचं, या पोराच्या तोंडात घासाआड ते शब्द आहेत, माझे आहेत, आणि हा ते गिळतोय.

तिसऱ्या प्रहरी मदतनीस बाईंनी दारातून डोकं घातलं. "तुमच्याकडे एक मुलगा आलाय. कोण रे तू विचारलं तर म्हणतो, त्यांच्या घरचा आहे."

"कुणाच्या?"

"तुमच्या, आणखी कुणाच्या! पाठवू?"

मुलगा आत आला तो भिंतीकडेने. शाळा लवकर सुटली होती, कुणी मोठी पाहुणी बाई येऊन भाषण करून गेली म्हणून. "किल्ली घरी राहिली," तो म्हणाला. त्याने मुलाकडे पाहिलं. किल्ली राहणारा हा मुलगा नव्हता. ती त्याच्या गळ्यात दोरीने असायची, झोपतानाही. सकाळी दाराशी खिळ्यावर एक किल्ली टांगलेली दिसली होती, आपलीच असेल समजून त्याने लक्ष दिलं नव्हतं, आणि आपली तर खिशात होती. म्हणजे तीही परत करून झाली होती. "अजून दोघंजण बाकी आहेत," तो म्हणाला, "बसावं लागेल." मुलगा बाकावर बसला, दप्तर मांडीवर घेऊन, आगगाडीची वाट बघत असल्यासारखा. दोन्ही माणसं तपासून गेली, मदतनीस बाई चहाला गेल्या, मार्गिका रिकामी झाली. त्याने यंत्र झाकायला कापड उचललं आणि का कोण जाणे, तसंच हातात धरून तो म्हणाला, "बघायचंय आत बसून?"

मुलगा आत बसला. हेडफोन त्याच्या डोक्याला मोठे झाले, कानांवरून घसरू लागले, ते त्याने दोन्ही हातांनी सावरले. दार लागलं. काचेपलीकडे तो एकदम लहान दिसायला लागला. त्याने सूर सोडला. मुलाने बटण दाबलं. दुसरा सोडला, तोही ऐकला. कान चांगलेच तीक्ष्ण होते, कागदावरच्या खुणा वरच्या रेघेवर येत होत्या. मग तो सवयीने थांबला, काहीच न वाजवता, कारण मध्ये असं थांबूनही पाहावं लागतं. आणि मुलाने बटण दाबलं. त्याने आणखी थांबून पाहिलं. मुलाने पुन्हा दाबलं. कपाळाला बारीक आठी, ओठ घट्ट. अशी माणसं त्याला ठाऊक होती. चुकलो तर काय, या भीतीने न वाजलेले सूरही ऐकणारी. बहुतेक मुलं असतात ती, ज्यांना कुणीतरी सतत तपासत आलेलं असतं. हे पोर मांडणीत पेला ठेवतानाही बटण दाबत असणार. दार लावताना, घास घेताना, पांघरुणाची घडी घालताना. त्याने माइक ओढला.

"आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

मुलाने दचकून बटण सोडलं. "मला वाटलं..." आतला माइक त्याचा आवाज अगदी कानाशी आणत होता, श्वासासकट. "सॉरी."

"सॉरी कशाला? ही काही परीक्षा नाही." तो थांबला. काच मध्ये होती. काचेमुळे समोरच्याचे डोळे दिसत होते आणि तरीही आपण पाहत नसल्यासारखं करता येत होतं. "परवाचा फोन ऐकलास?"

मुलाने खाली बघून मान डोलावली.

"मी बोललो ते... ते चांगलं बोललो नाही."

"खरंच होतं पण," मुलगा म्हणाला. "काकूंनीच आणलं मला. तुम्ही कुठे आणलंत?" यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. मग यंत्राची नुसती घरघर ऐकू येत राहिली, आणि त्या घरघरीत त्याने ते विचारलं. इतके महिने गिळलेलं, विचारताना अगदीच साधं वाक्य निघालं.

"त्या दिवशी ती काही बोलली का रे?"

हातातल्या बटणाची वायर मुलगा बोटाला गुंडाळत होता. "बोलल्या."

"काय?"

"तुम्हाला वाटत असेल काहीतरी मोठं असेल म्हणून. म्हणून नाही सांगितलं मी." त्याचा आवाज फाटला, वयाने की कशाने. "त्या खाली बसल्या होत्या भिंतीला टेकून. मी फोन केले. सगळे केले. मग त्या म्हणाल्या, राजे, गॅसवर दूध आहे. मी म्हटलं राहू दे. तर म्हणाल्या, अरे उतू जाईल, जा ना. म्हणून मी गेलो. बंद करून परत आलो तर..." वायर सुटली. "मी जायला नको होतं. तुम्ही म्हणाल, दूध कसलं बघत बसलास."

काचेच्या या बाजूला तो बसून राहिला. दूध. त्याने काय काय कल्पून ठेवलं होतं. एखादा निरोप, एखादी हाक, निदान आपलं नाव. आणि ती आपली दुधाची काळजी करत गेली. हे इतकं तिच्यासारखं होतं की क्षणभर ती खोलीत येऊन उभी राहिल्यासारखं त्याला झालं, पदराला हात पुसत, काय वेड्यासारखे बसलाय दोघं, असं म्हणत. आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच नवल वाटावं असं होतं.

"उतू गेलं होतं?"

मुलाने वर पाहिलं. "नाही. अगदी काठावर आलेलं. वेळेवर बंद केलं."

"बरं केलंस," तो म्हणाला. "उतू गेलेलं तिला अजिबात खपायचं नाही. ओटा घासत बसायची नंतर, आणि मला बोल लावायची."

"मलाही," मुलगा म्हणाला, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो रडायला लागला. हेडफोन लावलेले, हात मांडीवर, तोंड उघडं. आतल्या माइकने तो आवाज जसाच्या तसा बाहेर आणला. तो ऐकत राहिला. उठून आत जावं हे त्याला कळत होतं, आणि पाय उचलत नव्हते, कारण तोही काही कोरडा नव्हता. शेवटी त्याने जड दार ओढलं आणि आत जाऊन उभा राहिला. दोघांना उभं राहायला ती खोली फार लहान होती. तिथे कुठलाच आवाज परत येत नाही, सगळे अस्तरात मुरतात. तो नुसता उभा राहिला, मुलाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. खांद्यावर ठेवायचा होता, तो तेवढा दोन बोटं अलीकडे राहिला.

शनिवारी संस्थेच्या बाई आल्या. आल्याबरोबर त्याने सांगून टाकलं, पाणी देण्याच्याही आधी. "मला तो इथे हवाय. फोनवर मी भलतंच बोललो." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "आणि तुला?" मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "विचार करतो."

याची त्याला अपेक्षा नव्हती. त्याने मनात गृहीत धरलं होतं की आपण दार उघडलं की पोरगं आत येईल. बाई मात्र खूश झाल्या, हे चांगलंय म्हणाल्या, सावकाश सांग. त्या गेल्यावर मुलगा आपल्या खोलीत अभ्यासाला बसला आणि हा बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. पुढचे दिवस त्याचे काही खरे नव्हते. आता आवाजबंद खोलीतल्या खुर्चीवर तो होता. मुलाच्या पावलांचा, कपाट उघडल्याचा, चेन ओढल्याचा प्रत्येक आवाज त्याला ऐकू यायचा, आणि त्यातले कित्येक झालेलेही नसायचे. शाळेतून यायला जरा उशीर झाला की हा जिन्यात उभा. अंडं नीट उकडलंय ना, पांघरूण पुरतंय ना, असं विचारायचा, आणि विचारून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटायची. त्या दुसऱ्या घरातला याच्याच वयाचा मुलगा त्याला दिसायला लागला. गोरागोमटा, मोठ्याने हसणारा, चेंडू घेऊन दारात उभा. तिथे याला सोबत मिळेल. इथे काय आहे? एक पन्नाशीचा माणूस आणि एक रिकामी खुर्ची. रात्री तो बायकोच्या बाजूच्या उशीकडे पाठ करून झोपायचा, कारण तिला काय सांगायचं तेच ठरत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की मुलगा गेला तर घरात तिच्याबद्दल बोलायला कुणी राहणार नाही. ती दूध उतू जाऊ द्यायची नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

आणि एका सकाळी, तो आरशासमोर दाढीचं सामान काढून उभा असताना, मुलगा न्हाणीघराच्या दारात येऊन थांबला. आज शाळेत वर्गाचा फोटो होता. त्याने वरच्या ओठावरून बोट फिरवलं. "हे फोटोत घाण दिसतं," तो म्हणाला. "सगळ्यांनी काढलंय. मला येत नाही."

"ये इकडे."

त्याने नवीन पातं लावलं. मुलाचं तोंड कोमट पाण्याने ओलं करायला लावलं, ब्रशने फेस केला आणि त्याच्या ओठांवर, हनुवटीवर, कानांपाशी लावला. आरशात पांढऱ्या फेसाचा एक गंभीर म्हातारा दिसायला लागला, तेव्हा मुलाच्या डोळ्यांत हसू आलं. "हसू नकोस, तोंडात जाईल. हे बघ, कातडी अशी ताणून धरायची. वरून खाली. दाबायचं नाही, नुसतं चालू द्यायचं." बोलता बोलता त्याने डाव्या हाताने मुलाची हनुवटी धरली. धरल्यावर त्याला कळलं की आपण याला आजवर कधी हात लावला नव्हता. कातडी गरम होती, खाली हाड बारीक होतं, आणि गळ्यापाशी एक नस टकटक उडत होती. कुणाचं तरी पोर इतक्या जवळून, पात्याखाली, निमूट मान वर करून उभं होतं.

"त्या बाईंना फोन करायचाय ना?" मुलगा ओठ न हलवता बोलला.

"हूं."

"मी नाही जात म्हणून सांगा."

त्याने पातं पाण्यात झटकलं आणि पुन्हा टेकवलं. मुलगा त्याच्याकडे बघायला वळला. "अरे बाबा, मान हलवू नकोस!" तो ओरडला. "कापेल ना!"

"तुमचाच हात थरथरतोय," मुलगा म्हणाला. "हळू हो बाबा."

पातं थांबलं. नळ ठिबकत होता. हे काय होतं? बाबा हा काय, कुणालाही म्हणतात. अडलेल्या स्क्रूला म्हणतात, न थांबणाऱ्या रिक्षावाल्याला म्हणतात, आत्ता आपणच नाही का म्हटलं. उगाच तोंडातून गेलेला शब्द असेल. विचारावं तर विचारणार काय? आरशात मुलाचे डोळे अर्ध्या फेसाआडून त्याच्याकडे स्थिर लागले होते. त्या डोळ्यांवरूनही काही ठरवता येत नव्हतं. एवढी वर्षं लोकांचे कान तपासले आणि हाताशी आलेला एक शब्द त्याला नीट पारखता येईना. त्याच्या नकळत त्याला वाटून गेलं की आतल्या खोलीत जाऊन हे तिला सांगावं, ती चटकन सांगेल, यातलं तिला कळायचं. मग ते वाटणंही विरलं.

"हो बाबा, हळूच करतो," तो म्हणाला, आणि मुलाच्या वरच्या ओठावरचा फेस सावकाश खाली ओढला. खालून कोवळी, थोडी लालसर, अगदी नवी कातडी निघाली.